नव्या बोटीच्या ट्रान्सममध्ये पाणी

नवी कोरी बोट घेतली की निदान चार-पाच वर्षं दुरुस्तीचं नाव काढायला नको, असं बहुतेकांना वाटतं. फायबरच्या लहान बोटीचं तसं नसतं. ती साच्यात, हाताने एकेक थर देऊन घडवतात. काचतंतूंची मॅट नीट भिजली का, ती चिकटवणाऱ्या रेझिनमध्ये हार्डनर किती पडला, काम दमट हवेत उरकलं का, यावर तिचं आयुष्य ठरतं. आणि वरचा चकचकीत जेलकोट हे सगळं झाकून टाकतो.

दादाने आणि मी मिळून घेतलेली बोट २४ फुटी आहे, मागे ११५ अश्वशक्तीचं आउटबोर्ड इंजिन. घरच्यांना घेऊन खांदेरीपर्यंत जावं, कधी मुरूडकडे जावं, एवढ्यासाठीच घेतलेली. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात ताबा मिळाला. किमतीचा शेवटचा १० टक्के हप्ता ताब्यानंतर महिन्याने द्यायचा, असं दादाने करारात घालून घेतलं होतं. पुढे या एका अटीने आम्हाला तारलं.

बोट रेवदंड्याच्या खाडीत नांगरलेली असायची. इंजिन बंद, बोटीवर कोणी नाही, आणि तरी बिल्जचा, म्हणजे बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी उपसणारा, पंप मधूनच सुरू व्हायचा. पाणी जिभेवर घेऊन पाहिलं तर खारं. म्हणजे वरून आलेलं नाही, खालून येतंय. शेजारच्या मच्छीमार बोटीच्या तांडेलांनी शोधायची रीत सांगितली: आतला भाग फडक्याने कोरडा करा, जिथे जिथे स्क्रू किंवा पाइप बाहेर जातो तिथे खडूची पूड पसरा आणि रात्रभर बोटीला हात लावू नका. सकाळी पाहिलं तर बाकी सगळीकडे पूड पांढरी होती. फक्त ट्रान्समच्या, म्हणजे इंजिन लावतात त्या मागच्या फळीच्या, आतल्या बाजूने एक ओला राखाडी ओघळ उतरला होता. त्याच्या बरोबर पलीकडे, बाहेरच्या बाजूला, खोली मोजणाऱ्या यंत्राचा सेन्सर बसवलेला होता.

बोट ओढून वर घेतली. सेन्सरच्या पट्टीचा स्क्रू खरं तर जोर लावून फिरवावा लागायला हवा. तो दोन बोटांत धरून ओढला तसा बाहेर आला. त्याच्या आट्यांत चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी लगदा भरलेला होता आणि त्याला आंबूस वास येत होता. भोकात सीलंटचा मागमूस नव्हता. फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवूड असतो, त्याला सरळ ड्रिल मारून स्क्रू पिळला होता. चांगला कारागीर मापापेक्षा मोठं भोक पाडतो, ते घट्ट इपॉक्सीने भरतो, वाळलं की त्या इपॉक्सीत पुन्हा बारीक भोक घेतो. स्क्रू लाकडाला लागतच नाही. अर्ध्या दिवसाचं काम वाचवायला ते गाळलं होतं.

बोट बांधून देणाऱ्या बिल्डरचं उत्तर ठरलेलं होतं: नव्या बोटीत थोडं पाणी येतंच, माणूस पाठवतो, सिलिकॉन मारून देईल. मी साफ नाही म्हणाले. सिलिकॉनने भोक बुजलं असतं, पण आत गेलेलं पाणी आतच राहिलं असतं आणि लाकूड कुजत गेलं असतं. त्या फळीवर पावणेदोनशे किलोच्या आसपासचं इंजिन लटकतं आणि लाटेत प्रत्येक हिसका तिलाच बसतो.

मग मुंबईहून स्वतंत्र मरीन सर्व्हेअर, म्हणजे बोटींची तपासणी करणारे तज्ज्ञ, बोलावले. बोट काही दिवस सावलीत कोरडी राहू द्या, मगच येतो, म्हणाले. ओल्या पृष्ठभागावर ओलावा मोजणारं मीटर खोटं बोलतं. आल्यावर त्यांनी प्लास्टिकच्या छोट्या हातोडीने ट्रान्सम इंचाइंचाने ठोकला. वर टणटण आवाज येत होता, सेन्सरच्या आसपास भद्द. मीटरनेही तीच हद्द दाखवली आणि त्यांनी ती पेन्सिलीने आखून ठेवली. बाकीचं बरंच निघालं. बॅटरीजवळ फ्यूज नाही. तारा कथिलाचा मुलामा नसलेल्या साध्या तांब्याच्या. प्लास्टिक सोललं तर आतलं तांबं काळं पडायला लागलेलं. इंजिन प्रमाणापेक्षा वर बसवलेलं, म्हणून वळणावर पंखा हवा ओढायचा आणि वेग तुटायचा. रेलिंगवर गंजाचे डाग. इंजिनाची वॉरंटी बोटीच्या वॉरंटीहून वेगळी असते. त्यामुळे उंचीचं काम इंजिनाच्या डीलरकडून लगेच झालं, त्यात वाद झाला नाही.

फोनवरचं बोलणं तिथेच थांबवलं. अहवाल, फोटो आणि दोषांची यादी रजिस्टर पोस्टाने पाठवली, शेवटचा हप्ता कोणत्या कामासाठी अडवला आहे तेही लिहून कळवलं. महिनाभर काहीच हललं नाही. मग वकिलांची नोटीस गेली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रार आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात करता येते, म्हणजे आम्हाला अलिबागलाच. बिल्डरच्या गावी खेटे घालायला नकोत. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्याहून जास्त असेल तर राज्य आयोग. वकिलांनी पहिला प्रश्न विचारला तो वेगळाच: बोट भाड्याने देता का? धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार सहसा या कायद्याखाली ग्राहक ठरत नाही. आमची नोंदणी खासगी वापराची, तेव्हा ती पळवाट बंद होती.

नोटीस मिळाल्यावर बिल्डरने बोट परत नेली. लेखी ठरलं: ट्रान्सम बुजवण्याआधी आमचे सर्व्हेअर पाहणार. हे मी कोणालाही आग्रहाने सांगेन, कारण एकदा वरून फायबर चढलं की आत काय आहे ते देवालाच ठाऊक. आतलं फायबर कापून जुना प्लाय काढला तेव्हा मी तिथे होते. खालचा भाग हाताने सोलून निघत होता. वरच्या कोरड्या तुकड्यावर मी शिक्का शोधला, कुठेच नव्हता. नवा प्लाय मी स्वतः पाहिला, त्यावर आयएस ७१० हा मरीन प्लायचा शिक्का होता. त्याच्या कडा, इंजिनाच्या बोल्टांची भोकं, सगळं इपॉक्सीने बंद झाल्यावर सर्व्हेअरनी होकार दिला. तारा बदलल्या, फ्यूज बसला.

जूनमध्ये बाकीच्यांच्या होड्या शाकारलेल्या होत्या, तोवर आमचीही घरी आली. नारळी पौर्णिमेनंतर ती पाण्यात उतरवली आणि उधाणाचे दिवस मुद्दाम पाण्यातच ठेवली. बिल्ज कोरडं राहिलं. हप्त्यातून रेलिंगपुरती रक्कम राखून बाकीची चुकती केली.

वाद उरलाय तो रेलिंगचाच. कोटेशनमध्ये ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील लिहिलं आहे. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या हवेत तेच टिकवतं; स्वस्त ३०४ मध्ये ते नसतं, आणि चुंबक लावून या दोघांतला फरक कळत नाही. आम्ही टोकाचा छोटा तुकडा कापून लॅबला दिला. अहवालात मॉलिब्डेनम नाही. तो बिल्डरला पाठवला आहे. तक्रार दाखल करायची दोन वर्षांची मुदत या ऑक्टोबरात संपते, म्हणून गणपतीनंतर उत्तराची वाट न पाहता ग्राहक आयोगाच्या ई-जागृती पोर्टलवर अर्ज भरायचा, असं दादाचं आणि माझं ठरलं आहे.