ग्रंथालयाची सूची ‘कोहा’वर नेताना : अधिकार कोणाचा, याविषयीचा माझा अनुभव

पुण्यातील एका पेठेतल्या जुन्या सार्वजनिक ग्रंथालयाचा मी शाळकरी वयापासूनचा सभासद आहे आणि माझा पोटापाण्याचा व्यवसायही संगणकाचाच आहे. त्यामुळे देवघेवीच्या टेबलावरचा संगणक बंद पडला तेव्हा कार्यवाहांनी मला बोलावून घेतले. यंत्र कायमचे गेले होते, पण खरी अडचण त्याहून मोठी निघाली. ग्रंथसूचीचा प्रोग्राम संगणकाच्या मागच्या प्रिंटर पोर्टला एक विशिष्ट डोंगल (विक्रेत्याने दिलेली, किल्लीसारखी छोटी वस्तू) लावल्याशिवाय सुरूच होत नसे आणि आजच्या संगणकांना ते पोर्टच नसते. विक्रेत्याने नव्या आवृत्तीची पूर्ण किंमत सांगितली. जुन्या नोंदी तिच्यात येतील का, या प्रश्नाला मात्र शेवटपर्यंत उत्तर दिले नाही. पुस्तके ग्रंथालयाची, नोंदी ग्रंथालयाच्याच कर्मचाऱ्यांनी वर्षानुवर्षे टंकलेल्या, आणि त्या उघडून पाहण्याची परवानगी मात्र तिसऱ्याच्या हाती, हा मला आजही उघड अन्याय वाटतो.

मी कार्यकारिणीपुढे ‘कोहा’ या ग्रंथालयाच्या सूचीसाठीच्या सॉफ्टवेअरचा प्रस्ताव मांडला. हे ओपन सोर्स, म्हणजे मूळ प्रोग्राम कोणालाही पाहता आणि बदलता येणारे, सॉफ्टवेअर न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ या भागातील ग्रंथालयांसाठी १९९९ मध्ये तयार झाले, कारण त्यांची जुनी प्रणाली सन २००० च्या तारखा हाताळू शकत नव्हती. तेथील ग्रंथालयांनी ते जीपीएल या, वापरण्याची आणि बदलण्याची मुभा देणाऱ्या, परवान्याखाली सर्वांना खुले केले. बैठकीत किमतीचा प्रश्न लवकर मिटला. कोषाध्यक्षांचा प्रश्न मात्र मिटण्यासारखा नव्हता : “फुकट आहे ते ठीक आहे हो, पण उद्या काही बिघडलं तर धरायचं कोणाला?” दुसऱ्या एका सदस्यांची शंका अशी होती की, ज्यात कोणीही बदल करू शकतो, त्याच्यावर संस्थेने विसंबायचे कसे?

या दोन्ही शंका मला रास्त वाटल्या. ओपन सोर्स म्हणजे मालक नाही, म्हणून नियमही नाहीत, असा समज आमच्या क्षेत्राबाहेर सर्वत्र आढळतो, आणि आमच्यातील काही उत्साही मंडळीही तो अभिमानाने पसरवतात. वस्तुस्थिती तशी नाही. पुढच्या बैठकीत मी कोहाची दोषनोंदीची सार्वजनिक यादी पडद्यावर उघडली आणि एका साध्या दुरुस्तीचा प्रवास सुरुवातीपासून वाचून दाखवला. प्रथम दोषाची नोंद होते. मग कोणीतरी दुरुस्ती लिहून जोडतो. ती चालते की नाही हे दुसऱ्याच व्यक्तीला तपासून आपल्या नावाने मान्य करावे लागते. त्यानंतर गुणवत्ता तपासणारा गट ती पाहतो, आणि शेवटी त्या आवृत्तीसाठी निवडलेला व्यवस्थापक ती मुख्य प्रतीत घेतो. कोणी काय आक्षेप घेतला, कोणी काय उत्तर दिले, हे सारे तारखेसह तेथे असते. येथे अधिकार आहेच, फक्त त्याला कारणे लिहून द्यावी लागतात. कोहा आम्ही ज्या डेबियन या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालवणार होतो, तिच्या प्रकल्पात तर १९९८ पासून लिखित घटना आहे, प्रमुखाची निवड दरवर्षी मतदानाने होते आणि त्याचा निर्णय सदस्य ठरावाने फिरवू शकतात. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या संस्थेच्या कार्यकारिणीला ही रचना परकी वाटण्याचे कारण नव्हते.

तरीही धरायचे कोणाला, हा प्रश्न उरतोच. त्यावर माझे उत्तर असे होते की, कोहाची सेवा पैसे घेऊन देणारे व्यावसायिक भारतातही आहेत आणि त्यांच्याशी रीतसर करार करता येतो. फरक एवढाच की, त्यांचे काम पटले नाही तर नोंदी आणि सॉफ्टवेअर दोन्ही घेऊन दुसऱ्याकडे जाता येते. हा हक्क कागदावरचा नाही. एका अमेरिकी कंपनीने न्यूझीलंडमध्ये ‘कोहा’ या नावाच्याच ट्रेडमार्कसाठी अर्ज केला, तेव्हा मूळ ग्रंथालय संस्थेने हरकत घेतली आणि २०१३ मध्ये तो अर्ज फेटाळला गेला. निकाल उलट लागला असता तर नाव गेले असते, पण प्रणाली कोणालाच हिरावून घेता आली नसती. सोडून जाण्याची वाट मोकळी असली की वरच्या माणसाला ऐकून घ्यावे लागते, असे माझे ठाम मत आहे, आणि ते मी त्या बैठकीतही असेच सांगितले. ठराव मंजूर झाला, तो प्रथम वर्षभराच्या प्रयोगापुरता.

प्रत्यक्ष कामात सर्वाधिक वेळ जुन्या नोंदींनी घेतला. बंद संगणकाच्या डिस्कवर त्या फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसच्या फाइलींत सुखरूप होत्या आणि लिबरऑफिस या खुल्या कार्यालयीन सॉफ्टवेअरमध्ये त्या सहज उघडल्या. (लिबरऑफिसचा जन्मही सोडून जाण्याच्या याच हक्कातून झाला : ओरॅकलने सन ही कंपनी घेतल्यावर ओपनऑफिसच्या कार्यकर्त्यांनी २०१० मध्ये वेगळी चूल मांडली.) मात्र मजकूर युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची समान संकेतपद्धती रुळण्यापूर्वीच्या फाँटचा असल्याने पडद्यावर नुसती रोमन अक्षरे आणि चिन्हे दिसत होती. अशा फाँटमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात : ‘कविता’ या शब्दात पहिली वेलांटी ‘व’च्या आधी येते, तर ‘वर्ष’मधला रफार ‘ष’च्या नंतर. युनिकोडमध्ये दोन्ही क्रम उलटे असतात. केवळ चिन्हाला चिन्ह बदलून भागत नाही. वेलांटी आणि रफार उचलून योग्य जागी बसवणारा छोटा प्रोग्राम लिहावा लागला, आणि जोडाक्षरांवर आलेल्या वेलांट्या ग्रंथपाल बाईंनी दाखल नोंदवहीशी ताडून पाहिल्या.

त्यांनीच पुढची अडचण शोधली. “अहो, ‘दुसऱ्या’ टाकलं की निम्मीच पुस्तकं येतात,” असे त्यांनी सांगितले. मराठीतला हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : टिंबाच्या ‘ऱ’ला हलंत देऊन, किंवा साध्या ‘र’ला हलंत देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द असतात. कोहाच्या शोधयंत्रणेत आयसीयू या युनिकोड मजकूर हाताळणाऱ्या सॉफ्टवेअर-संचाचे नियम लावलेले होतेच, कारण देवनागरीचा शोध त्यांच्याशिवाय नीट चालत नाही. त्याच नियमांच्या फाइलीत मी दोन्ही रूपे एक मानणाऱ्या ओळी घातल्या आणि शोधासाठीची अनुक्रमणिका पुन्हा बांधली. बाईंनी त्याच शब्दाचा शोध पुन्हा घेतला आणि सगळी पुस्तके आली. या दुरुस्तीसाठी कोणाकडे अर्ज करावा लागला नाही, कोणाच्या नव्या आवृत्तीची वाट पाहावी लागली नाही. हे सॉफ्टवेअर मला प्रिय का आहे, असे कोणी विचारले तर मी हाच प्रसंग सांगतो.

एक गोष्ट मात्र मला काम संपत आल्यावर बोचू लागली. सर्व्हरचा मुख्य पासवर्ड एकट्या माझ्याकडे होता, म्हणजे विक्रेत्याच्या डोंगलची जागा मीच घेतली होती. सॉफ्टवेअर कितीही खुले असले तरी एखाद्या संस्थेत ते चालवणारा माणूस एकच असेल, तर तेथील सत्ता पुन्हा बंदिस्तच राहते. म्हणून मी कार्यकारिणीला लेखी कळवले की, ग्रंथपाल बाई आणि आणखी एक तरुण सभासद या दोघांना बॅकअप घेणे, तो परत चढवणे आणि आवृत्ती अद्ययावत करणे शिकवल्याशिवाय हे काम पूर्ण झाले असे मानू नये. दोघांनी माझ्या मदतीशिवाय एका रिकाम्या संगणकावर संपूर्ण सूची परत उभी करून दाखवल्यावर पासवर्डचा बंद लिफाफा कार्यवाहांच्या कपाटात गेला आणि दर महिन्याला सर्व नोंदींची एक प्रत मार्क या ग्रंथनोंदींच्या प्रमाण स्वरूपात संस्थेबाहेर ठेवण्याचा ठराव झाला. आता नियतकालिकांच्या बांधीव खंडांच्या नोंदी तेवढ्या राहिल्या आहेत, आणि त्या ते दोघे करत आहेत.