मंद्रातला पंचम

आठवीच्या वर्गातल्या एका मुलाला मी म्हणाले, "तू आता नुसते ओठ हलव, हं." आषाढातला शनिवार होता. त्याला पाच आठवडे झाले. माझ्या बाजूनं मांडता येण्यासारखं जेवढं आहे तेवढं मनाशी मांडून झालं, तरी ते वाक्य काही जात नाही.

गाण्यात मी विशारद झाले आहे, अलंकार या पुढच्या परीक्षेची तयारी चालू आहे आणि बीएडचं दुसरं वर्ष आहे. दुसऱ्या वर्षी सोळा आठवडे शाळेत आंतरवासिता, म्हणजे शिकाऊ शिक्षक म्हणून काम, करावी लागते. म्हणजे पहाटे पाचला खर्जाचा, खालच्या स्वरांचा रियाझ, सातला सांगलीतली शाळा, दुपारी पाठ टाचणं, म्हणजे पाठाचा आराखडा लिहिणं, आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी मिरजेला माझ्या गुरू, ताईंकडे तालीम. लोकांना वाटतं, गाणं येतं म्हटल्यावर शिकवता येणारच. गायक विष्णु दिगंबर पलुसकर बुवांना तसं वाटलं नसावं. मिरजेतच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकून त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि शिक्षक घडवण्यासाठी उपदेशक वर्ग वेगळा चालवला. आमच्या कॉलेजात संगीताची अध्यापन पद्धती नाही. माझ्या पद्धती मराठी आणि इतिहास. संगीताचा एक पाठ मी हट्टानं मागून घेतला होता.

शाळेत संगीत शिक्षक नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीचा पट शंभरावर असेल तर कलाशिक्षणाला अंशकालीन निदेशक द्यावा असं लिहिलेलं आहे. इथे पट शंभराच्या कितीतरी वर आहे आणि कलेचा तास गणिताचा राहिलेला भाग पुरा करायला जातो. पेटी आहे, पण तिचा भाता फुटलेला आणि पांढरी तीन दाबली की दाबलेलीच राहते. म्हणून मी फोनवरचा तानपुरा आणि एक छोटा स्पीकर घेऊन जायचे.

पाठाचा विषय होता राग भूप. सा रे ग प ध, पाचच स्वर, मध्यम-निषाद नाहीत. आठवीला याहून सोपा आणि देखणा राग मला तरी माहीत नाही. पण टाचणाच्या नमुन्यात पूर्वज्ञान जागृतीनंतर पाचव्या मिनिटाला हेतुकथन यावं लागतं : "आज आपण राग भूप शिकणार आहोत." अहो, आधी कानावर तर पडू द्या! ताईंनी मला भूप शिकवला तेव्हा त्याचं नाव मला तिसऱ्या दिवशी कळलं. हे मी मार्गदर्शक प्राध्यापकांना सांगून पाहिलं. त्यांनी तक्त्यातला हेतुकथनाचा रकाना दाखवला.

खरी चूक झाली ती पट्टीत. माझी पट्टी, म्हणजे पेटीच्या ज्या कळीवर मी षड्ज धरते ती, काळी चार. त्या पट्टीत मुलांचा षड्ज फार खाली जातो. तेरा वर्षांच्या मुली तिथे गात नाहीत, गुरगुरतात. मुलांना काळी एक सोयीची. त्यांचा षड्ज माझ्या मध्यमावर येतो. त्यांच्याबरोबर गायचं तर मला पूर्ण तास वरच्या अंगानं गावं लागतं, आणि त्या दिवशी संध्याकाळी ताईंकडे गुरुपौर्णिमेचं गाणं होतं, मला पंचवीस मिनिटं मिळाली होती. गळा राखायचा म्हणून मी वर्गात तानपुरा काळी चारलाच लावला. हे मला त्या क्षणी कळत होतं. नकळत झालं असतं तर मी हे लिहायला बसले नसते.

एकसष्ट मुलं, पस्तीस मिनिटांचा तास. मागच्या बाकाशेजारी खुर्चीवर निरीक्षक प्राध्यापक, मांडीवर तक्ता. एक मैत्रीण फाइलसाठी पाठ फोनवर ध्वनिमुद्रित करत होती. सा रे ग जमलं. पंचमाला गेलो आणि मागून एक भसाडा आवाज धपकन खाली आला. वर्ग हसला. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. शेवटच्या बाकावरचा उंच मुलगा, आवाज नुकताच फुटू लागलेला. प्राध्यापकांचं पेन थांबलेलं मला दिसलं. मी बाकांमधून चालत मागे गेले, त्याच्याकडे वाकले आणि हळू आवाजात ते वाक्य बोलले. त्यानं मान हलवली. पुढची वीस मिनिटं त्यानं ओठ हलवले, अगदी लयीत. वर्ग सुरात आला.

त्यानंतर मराठीचे तीन तास होते. गळा राखून काही राहिला नाही, कारण खालच्या षड्जावर मुलांचा आवाज निघेना म्हणून मीच जोर लावून गायले होते. संध्याकाळी ताईंच्या आतल्या खोलीत गुणगुणून पाहिलं तर तार सप्तकातल्या गंधाराला नुसती हवा. बाहेर गौड मल्हार गायचा होता. ताई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मला काही न विचारता त्या बाहेर गेल्या आणि म्हणाल्या, "पांढरी पाचला घ्या." दोन्ही तानपुऱ्यांच्या खुंट्या सैल झाल्या, जवारीचे धागे पुन्हा जुळवले गेले. तबलजींनी हातोडी घेऊन एकेक गट्टा वर सरकवत तबला उतरवला. ऐकायला आलेली मंडळी दहा मिनिटं शांत बसून होती. अर्ध्या सुराचाच फरक, पण मी गायले, आणि बरी गायले.

नंतर चहा देताना ताईंनी विचारलं, "मुलांना कुठल्या पट्टीत गायला लावलंस?"

"काळी चार."

"ती तुझी. मुलांची कुठली?"

रविवारी मी ते ध्वनिमुद्रण काढून बसले. सातव्या मिनिटाला त्याचा आवाज येतो. सा, रे, ग तो मुलींच्याच जागी गातो, बरोबर गातो. पंचम त्याच्या आवाक्याबाहेर आहे, म्हणून तो खाली येतो. मी घरचा तानपुरा काळी चारला लावला, पहिली तार छेडली आणि पुन्हा ऐकलं. तीनदा ऐकलं. तो त्या तारेवर होता. तानपुऱ्याची पहिली तार मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला, पंचम देते. माझ्या स्पीकरवर तो पंचम तासभर वाजत होता आणि अख्ख्या वर्गात त्याच्याशी जुळवून घेणारा हाच एक होता. सुरुवातीला थोडा हलतो, मग नेमका बसतो. बेसूर नव्हताच. अकरा वर्षं गाणं शिकलेल्या माझ्या कानाला भसाडेपणा ऐकू आला, स्वर ऐकू आला नाही. मैफलीच्या तालमीत वेगळा पडलेला आवाज खटकायलाच हवा असं कानाला वळण लागतं. तो आवाज कुठे लागला आहे हे शोधायचं वळण मला कुणी लावलं नव्हतं. टाचणाच्या रकान्यांत तर ते नव्हतंच.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी त्याला गाठलं. तो बरोबर गात होता, चूक माझी होती, हे सांगितलं. काळी एकमध्ये त्याचा सा खाली आरामात लागेल आणि मुली वरच्या सप्तकात गातील, दोघांचं जमेल, हेही सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं.

"नको मॅडम," तो म्हणाला. "मी ओठच हलवतो. ते जमतंय मला."

तेव्हापासून ऑफ तास मागून मी आठवीवर जाते, काळी एकमध्येच घेते. मुलींचे आवाज उघडले आहेत. दर वेळी तास सुरू करताना तानपुऱ्याची एकेक तार वेगळी ऐकवते, पहिल्या तारेला जरा जास्त वेळ थांबते. तो वर बघतो. अजून गायलेला नाही. माझे पाच आठवडे उरले आहेत.

निरीक्षणाचा तक्ता परत मिळाला आहे. "सर्व विद्यार्थ्यांचा सहभाग : उत्तम." खाली सही. तो फाइलला लावून महिनाअखेर द्यायचा आहे.