मुंबई–जयगड–विजयदुर्ग: अष्टमी ठरली

शिडाच्या बोटीची कील, म्हणजे तळाचा कणा, पाण्याखाली २.१ मीटर जाते. एवढं खोल बूड घेऊन कोकणात जायचं तर वाऱ्याआधी तिथी बघावी लागते. हा आठवडा त्यातच गेला, आणि पौर्णिमा मी खोडली.

उधाणाला पाणी जास्त चढतं, मग पौर्णिमाच बरी, असं कुणालाही वाटेल. पण जुना हिशेब लावा: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. पौर्णिमेला ती बाराच्या आसपास येते, म्हणजे संध्याकाळी बंदरात शिरायच्या वेळी पार सुकती, पूर्ण ओहोटी. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा. दुपारभर खाऱ्या वाऱ्यावर शिडं चालवायची आणि उजेड आहे तोवर चढत्या पाण्यावर आत यायचं. अष्टमीला उधाणाच्या उलट भांग असतो, त्याची भरती थोडी, हे खरं. पण ओहोटीही फार उतरत नाही, रात्री नांगरावर कीलखाली पाणी राहतं. आणि टेकलोच, तर एक-दोन दिवसांत पाणी पुन्हा चढू लागतं. मोठ्या उधाणाच्या माथ्यावर टेकलेली बोट पंधरवडा अडकू शकते.

मुंबईचं भरतीचं कोष्टक मात्र खाली दक्षिणेला चालवू नका. उधाणाचा फरक मुंबईत साडेतीन मीटरच्या वर, गोव्यात दोनच्या आत. भरतीही दक्षिणेला आधी येते. माझा हिशेब असा: नकाशात लिहिलेली खोली १.५ मीटर, त्यावर भरतीचं पाणी १.६, एकूण ३.१. कील वजा जाता एक मीटर. लाटेच्या खळग्याला अर्धा सोडला, अर्धा उरला. तळाला चिखल असेल तर एवढ्यावर शिरेन, खडक असेल तर अजिबात नाही.

तळ कळावा म्हणून शिशाचा गोळा दोरीला बांधला, बुडाच्या खोबणीत चरबी भरली. खाडीत सोडून बघितला तर चरबीला करडा चिखल आणि शिंपल्यांचा चुरा चिकटून आला. खोली दाखवणारं यंत्र हे सांगत नाही.

आंग्र्यांची गलबतं उथळ बुडाची, म्हणून खाड्यांत शिरायची. खोल जहाजं बाहेर राहायची. आपण त्या दुसऱ्या जातीतले. त्यामुळे गाळाने भरलेली आंजर्ल्याची खाडी आणि खडकाळ मालवण यादीतून गेले. जयगडला खोल पाणी आहे, तिथून विजयदुर्ग सुमारे ४५ सागरी मैल, पहाटेच्या मतलई वाऱ्यावर निघून दिवसात होईल.

शुद्ध अष्टमी घेतली, म्हणजे मुंबईहून जयगडला जातानाच्या रात्री मध्यरात्रीच्या सुमारापर्यंत चांदणं मिळेल. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यासमोरची, खुंटांना बांधलेली डोल जाळी ओलांडायला ते लागणारच. जाळ्यांचे खुंट सध्या कुठे आहेत, हे मच्छीमारांना विचारायचं बाकी आहे.