शनिवारचा तास

मुक्ता साळवे हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते पुण्यातल्या आपल्या शाळेत, नववीत असताना. पाठ्यपुस्तकात ते नव्हतं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ज्यांना थांबायचं असेल त्यांनी थांबावं, असा एक तास आमचे इतिहास-नागरिकशास्त्राचे सर आणि मराठीच्या बाई मिळून घेत. हजेरी नाही, मार्क नाहीत. दोघांपैकी कुणीतरी वाचून दाखवायचं, कधी पडद्यावर एखादी डॉक्युमेंटरी लावायची, आणि मग मुलांनी बोलायचं. शाळेच्या पन्नास वर्षांच्या अहवालांत या तासाची नोंद कुठे झाली असेल असं मला वाटत नाही, म्हणून ती या स्मरणिकेत व्हावी.

त्या दिवशी सर वाचत होते तो निबंध 1855 साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आलेला. लिहिणारी जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी, मांग समाजातली, जेमतेम चौदा वर्षांची मुलगी. वेद जर ब्राह्मणांचेच असतील तर आमचा ग्रंथ कोणता, आणि ग्रंथच नसेल तर आमचा धर्म कोणता, असं ती थेट देवालाच विचारते. पेशवाईत मांग किंवा महार तालमीसमोरून गेला तर त्याच्या शिराचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून गुलटेकडीच्या मैदानात खेळत असत, असंही ती लिहिते. गुलटेकडी म्हटल्याबरोबर मागच्या बाकावरून एक मुलगा उठला आणि म्हणाला, “सर, ही आमचीच गुलटेकडी?” वर्गातली कितीतरी मुलं तिकडूनच चालत यायची. सर नुसतं “हो” म्हणाले आणि पुढे वाचू लागले.

पुढे एक वाक्य बायकांच्या बाळंतपणाबद्दल होतं. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परसुद्धा नसतं, थंडी-वारा-पावसात त्यांना किती दुःख होत असेल याचा विचार आपापल्या अनुभवावरून करा, अशा अर्थाचं. बाईंनी सरांना तिथेच थांबवलं आणि आम्हाला विचारलं, “ती हे कुणाला सांगते आहे?” कुणी म्हणालं सरकारला, कुणी म्हणालं ब्राह्मणांना. बाई म्हणाल्या, “वाचणाऱ्याला. म्हणजे आज तुम्हाला.” इतिहासाच्या पुस्तकातली माणसं आमच्याशी बोलू शकतात हे तोवर मला कधी जाणवलं नव्हतं. त्या दिवशी आमच्याच वयाची, आमच्याच गावातली मुलगी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी काही विचारत होती आणि आमच्यापैकी कुणाकडेही उत्तर नव्हतं.

यानंतर काही आठवड्यांनी सरांच्या ओळखीतले कार्यकर्ते 16 मिमीचा प्रोजेक्टर आणि रिळं घेऊन आले. चित्रकलेच्या वर्गाच्या खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला आणि आम्ही आनंद पटवर्धनांची ‘बॉम्बे : हमारा शहर’ पाहिली. 1985 साली तयार झालेली ही डॉक्युमेंटरी तेव्हा अगदी ताजी होती. मुंबईतल्या झोपड्या पाडणारी महापालिकेची पथकं, इमारती बांधणारेच मजूर बेघर कसे, आणि त्यांच्याबद्दल सुखवस्तू घरांतली माणसं काय बोलतात, हे सगळं त्यात समोरासमोर येतं. आम्हाला त्याआधी डॉक्युमेंटरी म्हणजे थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधी लागणारी, धरणं आणि कारखाने दाखवणारी रिळं एवढंच माहीत होतं. इथे माणसं कॅमेऱ्याकडे बघून भांडत होती. एक बाई तर चित्रीकरण करणाऱ्यालाच सुनावते की गरिबांचे फोटो काढून तू नाव कमावशील, आम्हाला त्याचा काय उपयोग? दिग्दर्शकाने ते कापून टाकलं नाही. फिल्म बनवणाऱ्याने स्वतःवरचा आरोप फिल्ममध्येच राहू दिला, हे मला तेव्हा फार मोठं वाटलं आणि आजही वाटतं. जो इतरांना जाब विचारतो त्याला स्वतःलाही जाब द्यावा लागतो, हे सरांनी आम्हाला समजावून सांगायची गरजच राहिली नाही.

त्या फिल्ममध्ये गाणारे शाहीर विलास घोगरे यांनी पुढे 1997 साली, मुंबईतल्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मारली गेल्यानंतर, स्वतःचा जीव दिला. पटवर्धनांनी त्यानंतर चौदा वर्षं काम करून 2011 मध्ये ‘जय भीम कॉम्रेड’ ही डॉक्युमेंटरी पूर्ण केली. ती पाहताना मला आपला चित्रकलेचा वर्ग आठवत होता, आणि तो आवाज पहिल्यांदा तिथे ऐकला होता म्हणून रडू येत होतं.

फिल्म संपली, सतरंज्या काढल्या. दांडेकर पुलाच्या वस्तीतून येणारी आमची एक मैत्रीण कधीच फारशी बोलत नसे, ती आपणहून उठली. म्हणाली, आमच्याकडेही दारावर नंबर टाकायला माणसं येतात, आणि ती आली की आई दिवसभर कामावर जात नाही. मग म्हणाली, सकाळी नळाला साडेसहाला पाणी येतं, तीस-चाळीस घरांना एक नळ, माझा नंबर लागेपर्यंत शाळेची घंटा झालेली असते. वर्षभर आम्ही तिला उशिरा येणारी मुलगी म्हणून ओळखत होतो. प्रार्थनेच्या वेळी फाटकाबाहेर उभ्या राहणाऱ्या मुलांत ती रोज असायची आणि त्यामागे नळ आहे हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. पुढच्या सोमवारी वर्गातल्या मुलींनी स्वतः मुख्याध्यापकांकडे जाऊन तिच्याबद्दल सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि तिचं बाहेर उभं राहणं थांबलं.

त्याच चर्चेत एका मुलाने विचारलेला प्रश्न मला आयुष्यभर पुरला. त्याच्या आजोबांचं नारायण पेठेतलं घर 12 जुलै 1961 ला पानशेतच्या पुरात वाहून गेलं होतं आणि त्यांना गोखलेनगरला पूरग्रस्तांच्या वसाहतीत जागा मिळाली होती. तो म्हणाला, “सर, पाण्याने घर गेलं तर सरकार घर देतं. दुष्काळाने गाव सुटलं आणि माणूस पुण्यात आला, तर त्याच्या घराला अतिक्रमण का म्हणतात?” वर्ग एकदम गप्प झाला. सरांनी तयार उत्तर दिलं नाही. पुढच्या शनिवारी ते सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाची कात्रणं घेऊन आले. मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांचा खटला, ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका, निकाल 10 जुलै 1985. पुण्यातच जन्मलेले आणि इथल्याच लॉ कॉलेजात शिकलेले यशवंतराव चंद्रचूड तेव्हा सरन्यायाधीश होते. राज्यघटनेच्या 21व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो, असं त्या निकालाने म्हटलं. आम्ही टाळ्या वाजवणार तेवढ्यात सरांनी दुसरा भाग वाचला: फुटपाथ अडवून राहण्याचा हक्क मात्र कुणाला नाही, रीतसर कार्यवाही करून झोपड्या हटवता येतील, फक्त पावसाळा संपेपर्यंत थांबावं. दोन्ही गोष्टी एकाच निकालात कशा बसतात यावर आम्ही पुढचे कितीतरी दिवस वाद घातला. डबा खातानाही घातला. कायदा, न्याय आणि दया या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी त्या वादात शिकले, नागरिकशास्त्राच्या पेपरात नाही.

पुस्तक वाचून किंवा फिल्म बघून झाल्यावर सरांचा एकच आग्रह असे, आता हे आपल्या पुण्यात कुठे आहे ते दाखवा. अनिल अवचटांनी हमालांवर लिहिलेलं बाईंनी वाचून दाखवलं आणि सरांनी आम्हाला मार्केट यार्डात नेलं. तेव्हा धान्या-साखरेची पोती 100 किलोची असत. आमच्यातल्या तालमीत जाणाऱ्या दोघांनी मिळून एक पोतं जागचं हलवून पाहिलं. ते हलेना. आमच्याच वर्गातल्या एका मुलाचे वडील तिथे हमाल होते. वडिलांच्या पाठीवर पोतं चढताना तो पाहत होता आणि आम्ही त्याच्याकडे पाहत होतो. नंतर तो म्हणाला, “बाबा रात्री पाठीवर झोपत नाहीत, ते का, हे मला आज कळलं.” बाबा आढावांची हमाल पंचायत ही हमालांची संघटना, ओझी वाहणाऱ्या कामगारांसाठीचा 1969 चा माथाडी कायदा, मजुरी आणि भविष्यनिर्वाह निधी माथाडी मंडळामार्फत का जमा होतो, 1974 मध्ये सुरू झालेलं हमाल पंचायतीचं स्वस्त जेवणाचं केंद्र ‘कष्टाची भाकर’, ही सगळी माहिती आम्ही तिथे उभं राहून, हमालांकडूनच ऐकली. जेवणही कष्टाची भाकरमध्ये केलं. पोत्याचं वजन 50 किलोवर यावं म्हणून हमालांना किती वर्षं झगडावं लागलं हे मी पुढे वाचत राहिले, आणि प्रत्येक वेळी ते न हललेलं पोतं डोळ्यांपुढे आलं.

यावरून पालकांची तक्रार आली. मुलांच्या डोक्यात राजकारण भरता, असं काही जण म्हणाले. त्यात एका मित्राचे वडील होते, त्यांचा मार्केट यार्डात भुसाराचा गाळा होता. सरांनी त्यांना शनिवारीच बोलावलं आणि मुलांपुढे बसवलं. हमाली, तोलाई, अडत म्हणजे काय, कोण कुणाला किती देतं, माल पडून राहिला तर कुणाचं नुकसान, हे त्यांनी मुलांच्या प्रश्नांना न चिडता समजावून सांगितलं. व्यापाऱ्याची बाजूही असते हे आम्हाला कळलं, आणि हमालाच्या मुलाने त्यांना विचारलेल्या दोन प्रश्नांवर ते बराच वेळ विचार करत बसले. जाताना त्यांनी सरांचा हात हातात घेतला. हा तास राजकारणाचा आहे असं त्यानंतर कुणी म्हटलं नाही.

बाईंचा स्वतःचा आवडीचा ग्रंथ ताराबाई शिंद्यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ होता. 1882 साली इथेच पुण्यात, श्री शिवाजी छापखान्यात छापलेला, प्रती 500, किंमत नऊ आणे. सुरतेच्या एका तरुण विधवेला झालेल्या शिक्षेवरून पेटून उठलेल्या बाईने लिहिलेलं हे पुस्तक पुढे जवळजवळ विस्मरणात गेलं आणि 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणलं. ज्या दोषांसाठी बाईला नावं ठेवतात ते पुरुषात नाहीत काय, हा ताराबाईंचा प्रश्न ऐकल्यावर मुलींनी त्याच वर्षी एक गोष्ट केली: स्नेहसंमेलनात पाहुण्यांना चहा मुलींनीच का द्यायचा, हे विचारलं. त्या वर्षी चहा मुलांनी दिला आणि माईकची, दिव्यांची व्यवस्था मुलींनी पाहिली. माईक एकदाही बंद पडला नाही, हे अभिमानाने नोंदवते.

मी पुढे नगररचनेच्या कामात आले. नकाशावर रस्त्याची रेघ ओढताना त्या रेघेखाली कोण राहतं हे विचारायची सवय मला या तासाने लावली. बैठकीत तो प्रश्न काढला की अनेकदा समोरच्यांना वेळ वाया जातो असं वाटतं. तरीही मी विचारते. कधी रेघ सरकते, बहुतेक वेळा सरकत नाही, पण निदान फाइलवर घरांची संख्या येते, आणि घरांची संख्या लिहिली गेली की पुनर्वसनाचा विषय टाळता येत नाही.

आज मुलांकडे आमच्या शंभरपट पुस्तकं आणि फिल्म आहेत. माझी भाची रात्री पांघरुणात मोबाइलवर जगभरच्या डॉक्युमेंटरी पाहते आणि अस्वस्थ होते, ती अस्वस्थता खरी आहे. पण ती एकटीच पाहते. तिच्या बाजूच्या बाकावर दांडेकर पुलाची मुलगी नसते, गोखलेनगरचा मुलगा नसतो, गाळेवाल्याचा आणि हमालाचा मुलगा एका सतरंजीवर बसलेले नसतात. आम्हाला प्रश्न पडले ते पडद्यामुळे जितके, तितकेच शेजारी कोण बसलं आहे त्यामुळे पडले. म्हणून मला वाटतं, मराठी शाळांमधून एकेक थरातली मुलं कमी होत चालली आहेत हे फक्त भाषेचं नुकसान नाही. वेगवेगळ्या घरांतली मुलं एकत्र बसून एकच गोष्ट वाचतील, पाहतील आणि मग एकमेकांना विचारतील, अशा जागा या शहरात आता फार थोड्या उरल्या आहेत. आपली शाळा त्यांपैकी एक आहे, आजही आहे, मी गेल्या महिन्यात येऊन पाहिलं.

सर आता नाहीत. बाई धायरीला असतात, नजर अधू झाली आहे, पण ताराबाईंचे उतारे त्यांना अजून तोंडपाठ आहेत. आमच्या 1988 च्या तुकडीने ठरवलं आहे की ग्रंथालयाशेजारची रिकामी खोली आम्ही दुरुस्त करून देऊ, तिथे पडदा, प्रोजेक्टर आणि खिडक्यांना जाड पडदे लावू. मुख्याध्यापिकांनी होकार दिला आहे, खर्चाची जुळणी झाली आहे. फक्त एक विनंती त्यांच्याकडे केली आहे: त्या खोलीत होणाऱ्या तासाला हजेरी आणि मार्क नसावेत. पहिल्या शनिवारी काय वाचायचं हेही बाईंना विचारलं. त्यांनी मुक्ता साळव्यांचा निबंध सांगितला, आणि तो आठवीच्या एखाद्या मुलीने वाचावा असं सांगितलं.

— एक माजी विद्यार्थिनी (दहावी, मार्च 1988)