सगळ्यात काळी फिल्म मागणारे काका

गाडीच्या काचांना फिल्म मारायचं काम करतोय त्याला बारा वर्षं झाली, आणि "सगळ्यात काळी कुठली आहे तीच टाका" म्हणणारे रोज एकदोन भेटतातच. बहुतेकांना नुसता रुबाब हवा असतो. पण त्या दिवशीचे काका तसले नव्हते.

जुनी गाडी, मागच्या काचेवर फिल्म जांभळी पडलेली, जागोजागी फुगे. काका उतरले, पलीकडून काकू उतरल्या, इतक्या उकाड्यात पूर्ण बाह्या आणि हातमोजे. काका म्हणाले, हिला ल्युपस आहे, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार, डॉक्टरांनी ऊन अजिबात लागू देऊ नका म्हणून सांगितलंय, गाडीत काचा बंद ठेवून बसली तरी खिडकीकडच्या हातावर चट्टे उठतात, आता काय ते काळं करून टाक बाबा एकदाचं.

मी म्हटलं काका थांबा जरा. आमच्याकडे यूव्ही, म्हणजे उन्हातले डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण, मोजायचं एक छोटं मीटर आहे, एरवी कोणी विचारत नाही म्हणून ते ड्रॉवरमध्येच पडून असतं. ते काढलं, गाडी उन्हात घेतली आणि आतून खिडकीच्या काचेला लावलं. बाजूच्या काचांवरही तीच जुनी जांभळी फिल्म. आकडा बघून मीच चाट पडलो, उघड्या उन्हातल्यापेक्षा कमी होता पण चांगलाच होता. मग तेच मीटर पुढच्या मोठ्या काचेमागे धरलं, तिच्यावर फिल्म नावाला नाही, आणि आकडा जवळपास शून्य! काकूंनी दोनदा करून बघायला लावलं.

त्यांना सांगितलं ते असं. पुढची काच लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा थर, तो यूव्ही अडवतो. बाजूच्या काचा साध्या टफन, म्हणजे तापवून कडक केलेली एकच काच, मध्ये थर नाही. यूव्हीचे जे दोन प्रकार उन्हातून आपल्यापर्यंत येतात त्यातला यूव्हीबी तिच्यातून फारसा येत नाही पण यूव्हीए बराच आत येतो. आणि ही जुनी फिल्म नुसती रंगवलेली, रंग उन्हाने मेला म्हणून जांभळी झाली, यूव्ही अडवणारा माल तर त्याच्याही आधी संपला असणार. म्हणजे बाहेरून काळोख आणि आतून चाळणी. सगळ्यात काळी, ५ टक्केवाली लावली तर उजेड फक्त ५ टक्के आत येईल, रात्री रिव्हर्स घेताना काकांनाच काही दिसणार नाही (आणि कायद्यात बसेल का ते वेगळंच). त्यापेक्षा चांगल्या प्रतीची पारदर्शक फिल्म ९९ टक्के यूव्ही अडवते.

काका काही खूश नव्हते. "पारदर्शक? मग पैसे कशाचे?" काकूच म्हणाल्या, अहो मीटर बघितलंत ना आत्ता.

आता जुनी फिल्म काढायची. बाजूच्या काचा अर्ध्या तासात झाल्या, पण मागच्या काचेला डिफॉगरच्या, म्हणजे काच तापवून धुकं घालवणाऱ्या बारीक रेघा असतात आणि त्या आतल्याच बाजूला छापलेल्या, नेमक्या फिल्मच्या खाली. आमचा नवीन पोरगा ब्लेड घेऊन निघालाच होता, मी ओरडलो, कारण ब्लेड लागलं की रेघ तुटते आणि तेवढ्या पट्ट्यात काचेवरचं धुकं जात नाही. स्टीमरने वाफ द्यायची, एक कोपरा सुटला की रेघांच्या दिशेने हळूहळू ओढत जायचं, घाई केली की फिल्म फाटते आणि गोंद काचेवर राहतो. राहिलाच. मग साबणपाणी आणि मऊ घासणी, दीड तास फक्त तेच, मान मोडली पार. काकू खुर्ची सावलीत ओढून आमचं बघत बसल्या होत्या, मध्येच म्हणाल्या, जुनं काढायलाच जास्त वेळ लागतो नाही का रे.

नवीन लावायला उलट मजा आली. पाण्यात चार थेंब बेबी शाम्पू, काच ओली, फिल्म बसवली, स्क्वीजीने, म्हणजे रबरी पट्टीने, मधून कडेला पाणी ढकललं. मागची काच गोल असल्याने फिल्म आधी बाहेरून हीट गनने आकसून घ्यावी लागते, ते काम मी अजून कुणाच्या हातात देत नाही.

संध्याकाळी परत मीटर. बाजूच्या काचेमागे शून्याच्या आसपास. काकूंनी एक हातमोजा काढून हात नुसता काचेजवळ धरून ठेवला, बोलल्या काहीच नाहीत.

काका मात्र गाडीभोवती फेरी मारत होते. "काही लावलंय असं वाटतच नाही रे." मी पोऱ्याला सामान आवरायला सांगत होतो, ते आत बसले, चावी फिरवली, आणि फिल्म खरंच आहे की नाही ते बघायला काच खाली! अहो काका, चार दिवस काच खाली करायची नाही, गोंद ओला असतो, हे मी सांगणारच होतो. वर आली तेव्हा फिल्मची कड दुमडून रबरात अडकलेली.

काकूंनी नुसतं त्यांच्याकडे बघितलं. मी परत शाम्पूचं पाणी कालवायला घेतलं.