मामा, डॉक्टरांना मी सांगू व्हय?

कोल्हापुरात 'सीपीआर' म्हटलं की कुणाला हृदय थांबल्यावर छातीवर द्यायचे दाब आठवत नाहीत. आठवतो तो टाऊन हॉलजवळचा दवाखाना, छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. इंग्लंडला नर्स म्हणून गेल्यावर पहिल्याच ट्रेनिंगमध्ये 'सीपीआर' हा शब्द कानावर पडला, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर दवाखान्याबाहेरची रिक्षांची रांग आली. मग मुकाट्याने सरावाच्या पुतळ्याच्या छातीवर मिनिटाला शंभर ते एकशेवीसच्या लयीत दाब द्यायला लागलो.

सध्या सुट्टीवर घरी आलोय. भाची बीएस्सी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पुढच्या आठवड्यात तिची आयसीयू पोस्टिंग सुरू होते. काल संध्याकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर भेळ खात ती म्हणाली, "मामा, मी लई घाबरतो." (कोल्हापूरच्या पोरी 'घाबरतो'च म्हणतात. परदेशात हे ऐकायला कान तरसतात.)

मी विचारलं, "कशाला घाबरतेस? व्हेंटिलेटरला?"

"न्हाई. सगळ्यांच्या मधी मधी येईन त्याला."

हे मला बरोबर कळलं. मी शिकत असताना मधे येण्याची सोयच नव्हती. रात्रपाळीला एक स्टाफ आणि आम्ही दोन पोरं, वॉर्ड आमच्यावरच चालायचा. कॉलेजचं नाव सांगत नाही, तेव्हा बऱ्याच ठिकाणी असंच होतं. हात मात्र तयार झाला. शीर दिसत नसलेल्या आजीला आयव्ही (सलाईनची सुई) लावताना मी आजही डगमगत नाही, आणि तिकडच्या पोरांपुढे त्याचा थोडा तोरा मिरवतो.

तिकडं विद्यार्थी ड्युटीच्या मोजणीत धरतच नाहीत. एखादी नर्स आजारी पडली म्हणून तिच्या जागी विद्यार्थ्याला उभं करता येत नाही. नर्स म्हणून नोंदणी होईपर्यंत त्याला प्रत्यक्ष कामावरचे २,३०० तास पूर्ण करायचे असतात, पण ते शिकण्याचे तास. शिकवणारा वेगळा आणि पास-नापास ठरवणारा वेगळा, ही पद्धत २०१८ च्या नव्या नियमांनी आणली. मी शिकवणाऱ्यांपैकी. त्यामुळे पोरं मला बिनधास्त मूर्ख प्रश्न विचारतात, आणि मलाही ते आवडतं.

मी ज्या आयसीयूत आहे तिथं व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटला एक नर्स. स्पंज, तोंडाची स्वच्छता, कूस बदलणं, सगळं तिनंच करायचं. आपल्याकडे हाक मारली की धावून येणारे वॉर्डातले मामा आणि मावशी तिथं नाहीत. बाहेर चादर अंथरून बसलेले, डबा घेऊन आलेले नातेवाईकही नाहीत. पहिल्या दिवशी मी विद्यार्थ्याला एकच काम देतो: बेशुद्ध पेशंटला स्वतःचं नाव सांगायचं, आता काय करणार ते सांगायचं, आणि मगच हात लावायचा. पोरं लाजतात. मीही लाजायचो, आणि गडबडीत "आजोबा, जरा सरकवतो हं" असं मराठीतच निघून जायचं. आजोबांनी कधी तक्रार केली नाही.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी, येऊन जेमतेम पाच दिवस झालेले. कूस बदलायला आम्ही पलंग सपाट केला होता. तेवढ्यात शेजारच्या पेशंटचा अलार्म वाजला. मी तिकडं मदतीला गेलो, परत येऊन चार्ट लिहायला लागलो. ती हळूच म्हणाली, "पलंग असाच ठेवायचाय का?" डोक्याकडची बाजू निदान तीस अंश वर हवी, नाहीतर पोटातलं वर येऊन फुप्फुसात उतरतं आणि व्हेंटिलेटरवर न्यूमोनिया होतो. नळीतून फीड तर चालूच होतं! दोन दिवसांपूर्वी मीच तिला हे शिकवलं होतं. मी पलंग वर केला, तिचे आभार मानले आणि सिस्टरलाही सांगितलं. (तिकडं सिस्टर म्हणजे वॉर्डची इनचार्ज. सुरुवातीला मी कुणालाही सिस्टर म्हणायचो आणि सगळ्याजणी गालात हसायच्या.)

भाचीच्या वयात मी गप्प बसलो असतो. स्टाफला दिसलं असेलच, असं म्हणून.

बोलणं मला तिकडं जाऊन शिकावं लागलं. नवीन असताना रात्री एका पेशंटचा न्यूज स्कोर सातवर गेला. श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, शुद्ध, ताप यांना गुण देऊन ही बेरीज करतात. सात म्हणजे तातडीनं बोलवा. मी फोन लावला आणि "सॉरी डॉक्टर, डिस्टर्ब केलं" इथपासून सुरू झालो. दोन मिनिटांनी पलीकडून शांत आवाज आला, "मी नेमकं काय करावं असं तुम्हाला वाटतं?" मला घामच फुटला. एवढ्या वर्षांत असं कुणी विचारलंच नव्हतं.

त्यांच्याकडे यासाठी 'एसबार' (एस-बी-ए-आर) ही चार अक्षरांची बोलायची पद्धत आहे. मूळ अमेरिकेच्या पाणबुड्यांतलं. आत्ता काय चाललंय, मागचं काय, मला काय वाटतं, आणि तुम्ही काय करावं. पहिली तीन अक्षरं आपल्या पोरांना जमतात. शेवटचं घशात अडकतं.

"डॉक्टरांना मी सांगू व्हय?" भाची म्हणाली. "मामा, तुझं तिकडं चालतंय. हितं मला सगळ्यांसमोर झापतील."

झापतीलही. यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हणालो, की औषध सुचवू नकोस, 'येऊन बघा' एवढं तर म्हणशील? मग तिथंच सराव सुरू केला. मी डॉक्टर, ती नर्स. पहिल्यांदा ती "सॉरी सर"वर अडकली. दुसऱ्यांदा हसली. तिसऱ्यांदा भेळेचा कागद बाजूला ठेवून ताठ बसली.

"सर, मी आयसीयूतून बोलतोय, बेड चार. बीपी ऐंशीवर आलंय, तासापूर्वी एकशेदहा होतं. हातपाय गार लागायलेत. मला हे बरं वाटत नाही. तुम्ही लगेच येऊन बघा."

भेळवाल्याचा हात कांद्यावरच थांबला. "कोण सिरीयस हाय ओ ताई?"