तीन कान

परवा एका कार्यक्रमात मी एक गाणं अर्धा स्वर खाली सुरू केलं. म्हणजे अख्खं गाणं नाही, इंट्रोचे चार बारच (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक तुकडा), पण ते चार बार मला अजून ऐकू येतायत.

झालं असं, त्याच्या आधीच्या गाण्याला ताईंनी (गायिका) स्टेजवर चढता चढता सांगितलं की घसा धरलाय, आज पांढरी पाच नको, काळी तीनमधून घेऊया (ही पेटीच्या पट्ट्यांवरून पडलेली नावं, काळी तीन अर्धा स्वर खाली). मला काय त्याचं, कीबोर्डवर ट्रान्सपोझचं बटण असतं, सगळे सूर एकदम वर-खाली सरकवणारं, वजा एक केलं आणि बोटं नेहमीच्याच जागी ठेवून वाजवून टाकलं. गाणं संपलं, टाळ्या झाल्या, निवेदक बोलायला लागला, मी पाणी प्यायले आणि बटण तसंच राहिलं. पुढच्या गाण्याचा इंट्रो माझ्या एकटीचा, तो मला तरी फार छान झाला असं वाटलं. मग पाचव्या बारला बेस आणि व्हायोलिन आले. ते बिचारे बरोबर पट्टीत होते. बेसवाल्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याच्या पायावर अ‍ॅम्प ठेवलाय.

दोन सेकंदांत बटण शून्यावर आणलं आणि पुढे गेले. लोकांपैकी निम्म्यांना कळलंही नसेल. पण माझं लक्ष कुठे होतं हे मला माहितीये. आधीच्या गाण्यात व्हायोलिनचा एक गंधार (ग) किंचित उतरला होता आणि निवेदक बोलत होता तेव्हा मी त्या गंधाराचा विचार करत होते, की बोट जरा पुढे सरकवायला हवं होतं वगैरे. सकाळपासून पाच जणांना शिकवून आले होते ना. शिकवायचा कान काढून ठेवायचा राहिला होता.

मी वाजवते, शिकवते आणि अरेंजिंग करते, म्हणजे गाण्यात कुठल्या वाद्याने कधी काय वाजवायचं ते लिहिते. लोकांना वाटतं तिन्ही एकच काम, संगीतच ते सगळं. मला हल्ली उलट वाटतं, ही तीन वेगळी ऐकणी आहेत. शिकवताना चूक शोधायची असते, स्टेजवर चूक झाली की तिथल्या तिथे विसरायची असते, आणि अरेंज करताना जे अजून वाजलेलंच नाहीये ते ऐकायचं असतं. एकाच दिवशी तिन्ही आले की अदलाबदल होते.

आता ते बटण. माझ्यासाठी वजा एक म्हणजे एक बोट दाबणं, पण इतरांचं काय होतं ते अरेंजिंग करायला लागेपर्यंत मला खरंच कळलं नव्हतं. पांढरी पाच म्हणजे इंग्रजी नावांत जी. व्हायोलिनच्या चार तारा जी, डी, ए, ई, म्हणजे सा पांढरी पाच असेल तर त्या झाल्या सा, प, रे, ध. चारही मोकळ्या तारा सुरांत. नुसता गज ठेवला तरी वाद्य बोलतं, एक तार वाजवली की बाकीच्या आपोआप गुणगुणतात. अर्धा स्वर खाली काळी तीनला आलात की त्याच चार तारा होतात कोमल रे, कोमल ध, कोमल ग, कोमल नी, म्हणजे सगळे शुद्ध स्वर असलेल्या गाण्यात चारातली एकही मोकळी तार कामाची नाही. प्रत्येक सुरावर बोट. शिवाय सगळ्यात खालची तार जी असल्यामुळे खालचा सा मिळतच नाही, त्याच्या एक पट्टी वरच वाद्य संपतं. क्लॅरिनेटवाल्याची वेगळीच गंमत, त्याचं वाद्य बी फ्लॅटचं, म्हणजे कागदावरच्या सुरापेक्षा एक पूर्ण स्वर खाली वाजणारं, त्यामुळे जी मेजर त्याच्या कागदावर ए मेजर म्हणून लिहिलेलं असतं, तीन शार्प (अर्धा स्वर चढवलेले सूर). पट्टी उतरल्यावर त्याला तोच कागद समोर ठेवून डोक्यात धरायचं की इथे चार फ्लॅट (अर्धा स्वर उतरवलेले) आहेत. सूर कागदावर त्याच रेघांवर, बोटं मात्र पूर्ण वेगळी. आणि हे सगळं ताई माईकपर्यंत पोचेपर्यंतच्या वेळात! मी ते गाणं पांढरी पाचमध्ये लिहिलं होतं तेच मुळी त्या मोकळ्या तारांसाठी. ताईंना दोष नाही हं, घसा त्यांचा आहे आणि गाणं शेवटी गळ्यासाठीच असतं. पण आता मी तालमीच्या आधीच विचारते, घसा बसला तर किती खाली, आणि त्या पट्टीतलाही कागद तयार ठेवते. डबल काम, त्याचे वेगळे पैसे कोणी देत नाही.

पैशांवरून आठवलं. तीन-चार मिनिटांच्या गाण्याचं आठ वाद्यांसाठी अरेंजिंग करायला मला साधारण दोन-तीन दिवस लागतात, त्यातला एक दिवस नुसते प्रत्येकाचे वेगवेगळे कागद काढण्यात जातो, आणि फोनवर वाक्य असतं, "छोटंसंच काम आहे, तुला काय, बसल्या बसल्या होईल." हो, बसल्या बसल्याच होतं. पाठ त्यामुळेच गेलीये. असो.

अरेंजिंगमध्ये मी सुरुवातीला जे जे म्हणून भरता येईल ते भरायचे. मुखड्याच्या दोन ओळींमध्ये जागा दिसली की तिथे फ्लूट, फ्लूट संपायच्या आत व्हायोलिन, खाली चेलोची हालचाल, मधे माझे कॉर्ड (एकदम वाजवलेले दोन-तीन सूर). कॉम्प्युटरवर वाजवून बघितलं की काय भारी वाटायचं. कॉम्प्युटरला श्वास लागत नाही ना. एकदा एका संथ गाण्याला फ्लूटला सोळा बारची लांब सुरावट लिहिली, मिनिटाला साठच्या लयीत, चार-चार मात्रांचा बार, म्हणजे हिशेब करा, चौसष्ट सेकंद, मधे एकही विराम नाही. तालमीला आमच्या फ्लूटवाल्या काकांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "अगं, सुंदर लिहिलंयस. मी श्वास कधी घ्यायचा?"

सगळे हसले, मीपण हसले, पण घरी येऊन मी माझे जुने सगळे स्कोअर (सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र लिहिलेले कागद) काढून बघितले आणि फुंकवाद्यांच्या प्रत्येक ओळीत तेच. मी कीबोर्डवाली, माझ्या वाद्याला फुफ्फुसं नाहीत, तर माझ्या लिहिण्यातही नव्हती. तेव्हापासून फ्लूटची ओळ लिहिली की मी ती एकदा गाऊन बघते, मोठ्याने, एका दमात. मला जमत नसेल तर नाही लिहायची. (काकांचा दम माझ्यापेक्षा तिप्पट आहे, पण तो त्यांनी कार्यक्रमात वापरावा, माझ्या चुकीसाठी नाही.)

दुसरी चूक खाली गर्दी करायची. डाव्या हाताने खालच्या सप्तकात सा-ग-प असा भरगच्च कॉर्ड धरला की नुसता गाळ होतो, बेसचं काही ऐकू येत नाही. खाली सूर लांब लांब ठेवायचे, वर जवळ जवळ. हे पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेतही लिहिलं होतं, पण कळलं ते बेसवाला एकदा म्हणाला तेव्हा, "तू डावा हात खिशात ठेव ना थोडा वेळ." ठेवला. गाणं एकदम मोकळं झालं.

शिकवण्याबद्दल मी खूप दिवस मनात म्हणायचे की ते महिन्याचं नक्की उत्पन्न म्हणून करतेय, कार्यक्रम काय, कधी येतात कधी रद्द होतात. पण माझ्या कानाला सगळ्यात मोठा धक्का शिकवतानाच बसला. पन्नाशीचे एक गृहस्थ येतात शिकायला, इंजिनिअर, प्रत्येक गोष्टीचं कारण हवं असतं. एक दिवस तानपुऱ्याचं अ‍ॅप लावून मी कीबोर्डवर सा-ग-प वाजवत होते, तर ते म्हणाले, "मॅडम, तुमचा गंधार जरा वर लागतोय का?" मी म्हटलं अहो कीबोर्ड आहे, तो कसा वर लागेल. आणि मग ऐकलं. लागत होता. नीट, चांगला, स्पष्ट वर.

म्हणजे मला थिअरी माहीत नव्हती असं नाही. कीबोर्डवर सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेत, प्रत्येक शंभर सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), त्यामुळे गंधार चारशेवर येतो. तानपुऱ्यातून आपोआप जो गंधार ऐकू येतो तो पाचास चार या गुणोत्तराचा, सुमारे तीनशे शहाऐंशीवर. चौदा सेंटचा फरक. पंचमात (प) फरक फक्त दोन सेंटचा, म्हणून पंचम कोणाला टोचत नाही. आकडे पाठ होते हो, ऐकलं नव्हतं कधी. वीस वर्षं तो गंधार वाजवतेय आणि एका विद्यार्थ्याने दाखवला. आता तो न ऐकणं अशक्य झालंय, धन्यवाद साहेब.

पण त्याचा उपयोग असा झाला की जिथे गायक किंवा व्हायोलिन गंधारावर लांब थांबणार असतील तिथे मी माझ्या कॉर्डमधून गंधारच काढून टाकते. सा आणि प ठेवते, बस. त्यांना त्यांच्या जागी लावू दे. पहिल्यांदा असं केलं तेव्हा ताई म्हणाल्या, "आज माझा आवाज बरा लागला." मी काही बोलले नाही. आणि हो, परवाचा व्हायोलिनचा तो उतरलेला गंधार, तो बहुतेक उतरलेला नव्हताच. माझा चढलेला होता. त्या गाण्यात मी काढायला विसरले होते. हे घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकल्यावर कळलं, तेव्हा फार लाज वाटली, कारण मी मनातल्या मनात त्याला शिकवतसुद्धा होते.

अर्थात स्टेजवर सूर हलतातच, त्यात कोणाचा दोष नसतो. साउंड चेक रिकाम्या थंड हॉलमध्ये होतो, मग लोक भरतात, लाइट तापतात. फ्लूटमधली हवा गरम झाली की सूर चढतो, एका अंशाला साधारण तीन सेंट. तारा तापल्या की सैल होऊन उतरतात. म्हणजे फ्लूट वर चाललीये, व्हायोलिन खाली चाललंय आणि मधे माझा कीबोर्ड ढिम्म, त्याला काही फरक नाही. तिसऱ्या गाण्यानंतर परत सूर लावून घ्या असं मी सगळ्यांना सांगत असते आणि निवेदकाला सांगते, बाबा, इथे जरा जास्त बोल. तो खूश.

लहान मुलांना शिकवताना एकच गोष्ट मी हजारदा सांगते, चुकलं की सुरुवातीपासून घेऊ नकोस. सगळी मुलं तेच करतात, तिसऱ्या ओळीत चुकलं की परत पहिल्यापासून. मग पहिली ओळ शंभर वेळा वाजते, तिसरी दहा वेळा, आणि तिसरी कच्चीच राहते. जिथे अडलं तिथलेच चार सूर घे, निम्म्या लयीत, पाच वेळा नीट आले की मागच्या-पुढच्या सुरांना जोड. हा झाला रियाज. आणि आठवड्यातून एकदा असं वाजवायचं की काहीही झालं, छत पडलं तरी थांबायचं नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एकाच वेळी होत नाहीत. एक आठ वर्षांची मुलगी आहे, ती दुसरा प्रकार सुरू करण्याआधी मला जाहीर करते, "आता मी न थांबता वाजवणार आहे, तू काही बोलायचं नाही." मला अगं म्हणते, म्हणू दे. आणि खरंच, ती वाजवत असताना गप्प बसणं हे मला महिन्यातल्या सगळ्या कार्यक्रमांपेक्षा अवघड जातं.

खऱ्या कानांचंही सांगते. मागच्या वर्षी एका कार्यक्रमानंतर दोन दिवस कानात शिट्टी वाजत होती. ड्रमच्या शेजारी बसले होते आणि मॉनिटरवर (वाजवणाऱ्यांना स्वतःचं ऐकू येण्यासाठीचा स्पीकर) "मला जरा जास्त दे" चालूच, मग गिटारवाल्याला जास्त, मग परत मला. पंच्याऐंशी डेसिबलला आठ तास चालतात असं मानतात आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे शंभरला जेमतेम पंधरा मिनिटं. आमचा कार्यक्रम तीन तासांचा असतो. आता संगीतवाल्यांचे वेगळे इअरप्लग मिळतात, सगळे सूर सारखेच कमी करणारे, ते घालते. पहिले दोन कार्यक्रम आपण उशीखालून वाजवतोय असं वाटलं, मग सवय झाली. तीन कान असले तरी भोकं दोनच आहेत शेवटी.

ट्रान्सपोझच्या बटणावर आता लाल चिकटपट्टी लावलीये. आणि काकांचा कागद मी परत लिहून पाठवला, या वेळी श्वासाच्या बारा खुणा घालून, त्या स्वल्पविरामासारख्या असतात. काकांचा रात्री मेसेज आला: "अकरा बरोबर. सातवा शब्दाच्या मधे येतोय, ताईंचा शब्द तोडू का?" बघितलं तर खरंच. सकाळी सहाची बॅच आहे, त्याआधी बदलून पाठवते.